सातबारा घेऊन आल्सासला

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, निफाड तालुक्यात चाळीस वर्षं द्राक्षं पिकवताहेत. वय सदुसष्ट. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे द्राक्षाच्या रसाचं पुढे जे काही होतं त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. अशा माणसाला फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखात न्यायचं मी ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न काकूंनी विचारला, "तिथं जाऊन हे करणार काय?" दुसरा खुद्द नानांनी, "छाटणीच्या आत परत येतो ना?"

त्या दुसऱ्या प्रश्नानेच तारखा ठरल्या. आमची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात असते. त्याआधीचा सप्टेंबर तेवढा मोकळा, आणि तिकडे नेमकी तेव्हाच द्राक्षतोड सुरू असते. निघायचा दिवस पितृपक्षाच्या तोंडावर येत होता. "शुभकार्य नको, प्रवासाला काय होतंय," असा निकाल आईने दिला आणि स्वतः गुडघ्यांचं कारण पुढे करून अंग काढून घेतलं.

आल्सास का, तर दोन कारणं. शाळेत आल्सेस-लॉरेन म्हणून जो पट्टा आपण जर्मनी आणि फ्रान्सच्या भांडणात पाठ केला, तोच हा. पश्चिमेला व्होझ नावाची डोंगररांग, पूर्वेला ऱ्हाईन नदी. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरावरच रिकामे होतात आणि पायथ्याच्या कोल्मार शहराला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. म्हणजे सह्याद्री आणि त्याच्या पलीकडचा आपला पर्जन्यछायेचा पट्टा, तेच गणित. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा नीट सावरून बसले. दुसरं कारण साधं आहे. गावं जवळजवळ आहेत आणि मला परदेशात गाडी चालवायची नव्हती.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण, "शेतकऱ्याला व्हिसा देतात का गं?" हा प्रश्न मला परत आल्यापासून किमान दहा जणांनी विचारलाय. देतात. पण कागद वेगळे लागतात आणि ते कुठे नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

नानांकडे पासपोर्टच नव्हता. फेब्रुवारीत अर्ज केला. शुल्क १५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट, म्हणून १३५०. पोलिस पडताळणीला हवालदार घरी आले ते ऐन खुड्याच्या, म्हणजे द्राक्षतोडीच्या दिवशी. नाना बागेत. हवालदार बागेतच गेले, दोन घड खाल्ले आणि सही घेऊन परतले. मार्चमध्ये पासपोर्ट हातात आला.

खरी कसरत जून-जुलैत झाली. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. मी मे महिन्यातच करायला हवा होता. त्या उन्हाळ्यात, २०२४ ला, पॅरिसला ऑलिम्पिक होतं. जूनच्या शेवटी तारीख शोधायला बसले तर मुंबईच्या व्हिसा केंद्रात दिसेल ती जागा भरलेली. रोज सकाळी आणि रात्री पाहत राहिले. नवव्या दिवशी २४ जुलैच्या दोन जागा लागोपाठ मिळाल्या. तारखा कुणीतरी रद्द केल्या की मोकळ्या होतात, त्यामुळे धीर सोडू नका. आणि "तारीख मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका.

नोकरदारांची यादी सगळ्यांना पाठ असते. पगारपत्रकं, कंपनीचं पत्र, आयकर विवरण. माझी ती झाली. नानांचं आयकर विवरण नाही, कारण शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. त्यांच्यासाठी आम्ही लावलेले कागद असे: सातबारा आणि आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, द्राक्षं घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या गेल्या हंगामाच्या पावत्या, पाणीपट्टीची पावती आणि बँकेचं खातं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घेतला. यात एक भानगड निघाली. सातबाऱ्यावर नानांचं नाव जुन्या पद्धतीने अर्धंच लागलेलं आणि पासपोर्टवर पूर्ण. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडलं. सातबारा दुरुस्त करायच्या मागे लागलो असतो तर अजून त्याच रांगेत असतो.

सगळ्यात महत्त्वाचं बँकेचं. व्हिसासाठी शेवटच्या तीन महिन्यांचं खातं मागतात. द्राक्षवाल्याच्या खात्यात एप्रिल, मे, जूनमध्ये काय दिसणार? मजुरी, खतं, औषधं, डिझेल. नुसते पैसे जाताना दिसतात. पैसा येतो तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, चार-पाच मोठ्या रकमांत. कोऱ्या डोळ्यांनी बघणाऱ्याला वाटेल, या माणसाचं काही खरं नाही. म्हणून मी वर्षभराचं खातं दिलं, मोठ्या जमा रकमांसमोर पेन्सिलीने पावतीचा क्रमांक लिहिला, आणि सोबतच्या पत्रात चार ओळीत हंगाम समजावला: ऑक्टोबरला छाटणी, फेब्रुवारीपासून तोड, वर्षाचं उत्पन्न या एवढ्याच काळात. शेती उत्पन्न तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) नुसार करमुक्त आहे हेही लिहिलं. परत यायचं कारण म्हणून छाटणीची तारीख टाकली. सगळ्या फाइलमध्ये तोच एक कागद मला मनापासून लिहिता आला.

विमा किमान तीस हजार युरोच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो. माझा अकराशे रुपयांत झाला, नानांचा वयामुळे एकोणतीसशे. व्हिसाचं शुल्क त्या जूनमध्येच ऐंशीवरून नव्वद युरो झालं होतं, म्हणजे माणशी आठ हजारांच्या वर, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

२४ जुलैला पहाटे साडेतीनला नाशिकहून निघालो. कसाऱ्यात धुकं आणि पाऊस. केंद्रात कागद तपासणारी मुलगी सातबारा बघून थांबली, भाषांतर वाचलं आणि मराठीतच म्हणाली, "काका, द्राक्षं का? कुठली?" नाना खुलले. पण पुढच्या खिडकीवर बोटांचे ठसे घेताना यंत्र काही केल्या ऐकेना. चाळीस वर्षं कात्री, तार आणि मोरचूद यांत गेलेली बोटं. रेषा उरल्याच नव्हत्या. ओला रुमाल झाला, मलम झालं, दाबून झालं, हलकं ठेवून झालं. सहाव्या-सातव्या वेळेला ठसे लागले. "आधारलाबी असंच केलं होतं," नाना मला म्हणाले, जणू चूक त्यांचीच. घरातल्या शेतकऱ्याला नेणार असाल तर आधी आठवडाभर रात्री हातांना तेल किंवा व्हॅसलीन लावायला सांगा. आम्हाला हे नंतर कळलं.

मग वाट पाहणं. पंधरा दिवस सांगतात, आम्हाला एकोणीस लागले. त्या काळात बागेवर केवडा, म्हणजे पानांचा बुरशीरोग, आला म्हणून नाना माझ्याइतके बेचैन नव्हते. १२ ऑगस्टला पासपोर्ट कुरियरने आले. चिकटवलेला व्हिसा उघडून आधी दोन गोष्टी पाहायच्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि मुक्कामाचे दिवस किती. या दोन्ही गोष्टी वेगळ्या असतात. आमच्या तारखांमध्ये पंधरा दिवस जास्तीचे होते, पण राहायला परवानगी फक्त बारा दिवसांची. तारखा बघून परतीचं तिकीट पुढे ढकलणारे लोक इथेच फसतात.

विमान १९ सप्टेंबरच्या पहाटेचं. मुंबई-पॅरिस थेट, जाऊन-येऊन माणशी एकसष्ट हजार. सुरक्षातपासणीत नानांच्या पिशवीतून एक धातूची नळी निघाली. रिफ्रॅक्टोमीटर. द्राक्षाची गोडी मोजायचं यंत्र. "घरी कशाला ठेवू, तिकडं द्राक्षंच हायेत ना," हे उत्तर मला मिळालं. जवानाला मी समजावलं, त्याने डोळ्याला लावून पाहिलं आणि परत दिलं.

पॅरिसच्या विमानतळावरूनच स्ट्रासबुर्गला थेट वेगवान गाडी आहे, शहरात शिरावं लागत नाही. उतरण्यात आणि गाडीत चार तासांचं अंतर ठेवलं होतं ते बरं केलं, कारण दीड तास रांगेतच गेला. स्ट्रासबुर्गचे दोन दिवस झोप भरून काढण्यात आणि कॅथेड्रल पाहण्यात गेले. गुलाबी दगडाची ही इमारत १४२ मीटर उंच आहे आणि १६४७ पासून १८७४ पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच होती. आतल्या खगोलीय घड्याळात दुपारी साडेबाराला येशूचे शिष्य एकेक करून पुढे सरकतात आणि कोंबडा पंख फडफडवतो. नानांना कोंबडा आवडला.

शनिवारी, २१ तारखेला, अर्ध्या तासाच्या साध्या गाडीने कोल्मारला. तिथे सहा दिवसांसाठी स्वयंपाकघर असलेली छोटी सदनिका घेतली होती, ५४० युरो. शाकाहारी माणसांना आल्सासमध्ये स्वयंपाकघराशिवाय राहू नका, असं मी अगदी ठासून सांगेन. इथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे फ्लामक्युश, पातळ पोळीवर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकून भट्टीत भाजलेली. "सां लार्दों" म्हटलं की ते तुकडे न घालता देतात. पण दोनदा सांगा. कुगलॉफ नावाचा घुमटासारखा गोड पाव दिसला, त्यात बेदाणे दिसले, नानांना आनंद झाला. मी विचारलं म्हणून कळलं की बेदाणे चेरीच्या दारूत भिजवलेले. तो पाव मी एकटीने खाल्ला. बाकी मूगडाळ, भात आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी.

रविवारी चूक उघड झाली. गावांकडे जाणाऱ्या नेहमीच्या बसगाड्या रविवारी जवळजवळ नसतातच, हे मी तपासलं नव्हतं. बसथांब्यावर पाऊण तास उभं राहिल्यावर एका आजींनी हातवारे करून "आज नाही" असं सांगितलं. स्टेशनवर परत येऊन छोट्या फाट्यावरच्या गाडीने टुर्कहाईम गाठलं, दहा-बारा मिनिटं. हेच नाव मी तिकीट खिडकीवर चार प्रकारे उच्चारलं होतं. इथली नावं लिहिलेली जर्मन वळणाची आणि बोललेली फ्रेंच. शेवटचं 'हाईम' म्हणजे घर, आपल्या 'गाव'सारखं. १८७१ ला हा भाग जर्मनीकडे गेला, १९१८ ला फ्रान्सकडे, १९४० ला पुन्हा जर्मनांनी गिळला आणि युद्ध संपता संपता परत आला. चार वेळा झेंडा बदलला, गावांची नावं मात्र तीच राहिली.

टुर्कहाईमला तीन वेशी शाबूत आहेत. नानांना वेस म्हटल्यावर काही समजवावं लागलं नाही. वेशीवर करकोच्याचं प्रचंड घरटं, पण रिकामं. बरेचसे करकोचे ऑगस्टमध्येच दक्षिणेकडे निघून जातात. १९७० च्या दशकात आल्सासमध्ये त्यांच्या दहा जोड्यासुद्धा उरल्या नव्हत्या, मग माणसांनी मुद्दाम वाढवून ते परत आणले. गावामागच्या टेकडीचं नाव 'ब्रांड'. मला इंग्रजी ब्रँड वाटला. त्याचा अर्थ जळलेली जमीन.

त्या टेकडीवर नाना पहिल्यांदा तिकडच्या बागेसमोर उभे राहिले. मी फोटो काढायला गेले तर ते पावलं मोजत होते. "दोन ओळीत पाच-सहा फूट. आपलं नऊ." मग खाली वाकून माती. मग शोधाशोध.

"काय शोधताय?"

"ड्रिप कुठंय यांचं?"

ड्रिप नव्हतं. तिकडची बाग बहुतेक पावसावरच असते आणि वाइनच्या द्राक्षांना पाणी देण्यावर कायद्याचीही बंधनं आहेत. विहीर, बोअर, शेततळं, टँकर यांतच आयुष्य गेलेल्या माणसाला हे पचायला संध्याकाळ लागली. सहाशे मिलिमीटर तर आपल्याकडेही पडतो. पण तिकडे तो बारा महिन्यांत वाटून पडतो, आपल्याला चार महिन्यांत उरकायचा असतो. "असा पाऊस असता तर मी कर्जच काढलं नसतं," एवढं बोलून नाना गाडीत गप्प बसले.

सोमवारी एगिसहाईम. कोल्मारपासून सहा-सात किलोमीटर, टॅक्सीने वीस युरो गेले. गाव गोल आहे. मध्ये छोटा किल्ला आणि त्याभोवती घरांची वर्तुळं, त्यामुळे चालत राहिलं की जिथून निघालो तिथेच येतो. पोप नववा लिओ १००२ मध्ये इथला जन्मला असं मानतात. लाकडी चौकटीची रंगीत घरं, खिडक्यांत लाल जिरॅनियम, फोटोत दिसतं तसंच. पर्यटकांची गर्दी मात्र फोटोत दिसत नाही. सकाळी साडेनऊच्या आत पोचा.

तिथल्या एका बागायतदाराला मी ऑगस्टमध्येच ईमेल केला होता. सरळ लिहिलं, वडील द्राक्ष शेतकरी आहेत, वाइन घेत नाहीत, बाग बघायला मिळेल का? तोडीच्या दिवसांत वेळ देणं कठीण, पण सोमवारी अकराला या, असं उत्तर आलं. आधी असं लिहून विचारायची लाज वाटू देऊ नका. आणि मजूर काम करत असताना कुणाच्याही ओळीत परस्पर शिरू नका, काही पायवाटांवर तोडीच्या काळात बंदीचे फलकही असतात.

बागायतदार नानांच्याच वयाचा. त्याला इंग्रजी तुटपुंजं, मला फ्रेंच शून्य, नानांना दोन्ही नाही. मोबाइलवरच्या भाषांतरावर पहिली दहा मिनिटं निघाली. मग नानांनी एक पान उलटं केलं. मागच्या बाजूला पांढुरकी बुरशी, वर तेलकट पिवळा डाग.

"केवडा," नाना म्हणाले.

"मिल्द्यू," तो म्हणाला, आणि हाताने पाऊस दाखवला. वर्षभर पाऊसच पाऊस. २०२४ ला फ्रान्सभर या रोगाने छळलं होतं.

नानांनी फवारायच्या पंपाचा हात करून विचारलं, "बोर्डो?"

तो माणूस थबकला. मग हसून म्हणाला, "वी, वी! बुयी बोर्दलेझ!"

मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण. हे नाव फ्रान्समधल्या बोर्डो शहरावरून आलंय. १८८० च्या दशकात त्या भागात ते औषध म्हणून पुढे आलं. मी शहराचं नाव शंभर वेळा वाचलंय, औषधाचं घरात हजार वेळा ऐकलंय, आणि ही दोन नावं एकच आहेत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नानांच्या तर नाहीच. त्यांच्या लेखी बोर्डो म्हणजे निळं पाणी. पुढचा तासभर मला कुणी काही विचारलं नाही. मोबाइल खिशातच राहिला.

त्याची गेवुर्त्सट्रामिनर जातीची ओळ तोडायची बाकी होती. मणी लहान, गुलाबीसर, बी असलेला, जाड सालीचा. "हा मणी? आपला व्यापारी क्रेटला हात लावायचा नाही," असं मला म्हणत नानांनी चव घेतली आणि गप्प झाले. रिफ्रॅक्टोमीटर निघाला. एक मणी पिळून थेंब टाकला, उजेडाकडे धरलं. तेवीस ब्रिक्स, ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप. खायच्या द्राक्षाला आम्ही अठरा आलं की खुडा लावतो. त्या माणसाने घरातून स्वतःचं यंत्र आणलं, त्यावर ओएक्सले नावाचं जर्मन माप. दोघे आळीपाळीने एकमेकांच्या नळीतून बघत राहिले.

उत्पन्नावर बोलणं अडकलं तेव्हा मला बोलावलं. साध्या आल्सास वाइनसाठी हेक्टरी साधारण ऐंशी हेक्टोलिटरच्या, म्हणजे आठ हजार लिटरच्या वर जाता येत नाही, हा नियम. हिशेब केला तर एकरी चार टनांच्या आसपास द्राक्षं. नाना मला दोनदा म्हणाले, "नीट विचार. सरकार म्हणतंय जास्त पिकवू नका?" नीट विचारलं. हो, तसंच. आम्ही एकरी दहा टन काढतो आणि भाव पडला की रस्त्यावर ओततो. यावर नाना काही बोलले नाहीत, पण रात्री वहीत आकडा लिहून ठेवला.

तळघरात मी तीन वाइन चाखल्या. रीसलिंग, पिनो ग्री आणि तीच गेवुर्त्सट्रामिनर, जिला खरोखर गुलाब आणि लिचीचा वास येतो. शेजारी थुंकायचं भांडं असतं. ते वापरलं तर कुणी वाईट मानत नाही, दुपारी चालायचं असेल तर वापराच. नानांना त्याने न विचारता ताजा रस दिला, चरकातून नुकताच आलेला, गढूळ. त्याने बाटलीऐवजी रस पुढे केला, म्हणजे ईमेल नीट वाचला होता. नानांनी वास घेतला, विचारलं, "आंबला नाही ना?" आणि दोन पेले प्यायले. चाखायचे पैसे त्याने घेतले नाहीत. दोन बाटल्या विकत घेतल्या, एकोणतीस युरो. हे करावं, तोडीच्या दिवसात त्याने दीड तास मोडला होता.

मंगळवारी रिकविर. १२९१ चा डोल्डर मनोरा, एकच मुख्य रस्ता, भेटवस्तूंची दुकानं आणि त्यात आम्ही. दोन महायुद्धांतून गाव जवळजवळ जसंच्या तसं वाचलं, म्हणून सगळं जग तिथे येतं. दोन तास पुरे. १९५३ मध्ये सुरू झालेला आल्सासचा वाइनमार्ग, मार्लेनहाईम ते थान असा १७० किलोमीटर, याच गावांतून जातो. बसने आलं तर परतीच्या वेळेसाठी थांब्यावरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

बुधवारी केझर्सबर्ग. अल्बर्ट श्वाइट्झर यांचं जन्मगाव, आफ्रिकेत दवाखाना चालवणारे आणि १९५२ चा शांततेचा नोबेल मिळालेले. नानांना गावापेक्षा वरची श्लॉसबर्ग टेकडी बघायची होती. उभ्या चढावर दगडी ताली घातलेल्या, यंत्र जाणं शक्य नाही, माणसं पाठीवर वाहून आणतात. ग्रां क्रू म्हणजे सर्वांत वरचा दर्जा पहिल्यांदा मिळालेली ही जमीन, १९७५ मध्ये. आता असे एक्कावन्न तुकडे आहेत. "सातबाऱ्यालाच भाव," हे नानांचं मत. इतकं नेमकं मला कुठल्या माहितीफलकावर वाचायला मिळालं नाही.

कोल्मारचं उंटरलिंडन संग्रहालय मंगळवारी बंद असतं, म्हणून ते गुरुवारी ठेवलं होतं. नानांना चित्रांत रस नाही, मी एकटीने जाणार होते, पाऊस आला म्हणून तेही आले. आत १५१२ ते १५१६ च्या सुमाराला ग्रूनेवाल्डने रंगवलेली इझेनहाईमची वेदी आहे. ती एका मठातल्या रुग्णालयासाठी केली होती. तिथे 'सेंट अँथनीची आग' नावाच्या रोगाचे लोक येत. अंगाची लाही, सडणारे हातपाय. कारण होतं बुरशी लागलेलं राय धान्य. एका फळीवर खालच्या कोपऱ्यात फोड आलेला, सुजलेला एक देह आहे. मी नानांना कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरगट. बाजरीला येतो तोच." आणि मग सगळ्या फळ्यांसमोरून पुन्हा एकदा फिरले. त्या मठातले साधू रोग्यांना संतांच्या अस्थींवर ओतलेली वाइन औषध म्हणून पाजत. "औषधाला चालत असंल," असा माळकऱ्याचा शेरा.

शुक्रवारी सामान बांधताना नानांच्या सदऱ्याच्या खिशात ओल्या कागदात गुंडाळलेल्या तीन काड्या सापडल्या. एगिसहाईमच्या. त्याने स्वतः कापून दिल्या होत्या म्हणे. परवान्याशिवाय आणि वनस्पतींच्या आरोग्य दाखल्याशिवाय लागवडीची काडी भारतात आणता येत नाही, हे सांगितल्यावर आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, "नाना, यांच्या अख्ख्या बागा एकदा अशाच एका किड्याने गेल्या होत्या." फिलॉक्सेरा, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेला. म्हणून तर आजही तिकडे अमेरिकी खुंटावर कलम करतात, आणि आमच्याकडचा डॉगरिज खुंटही अमेरिकीच. काड्या सदनिकेमागच्या कचऱ्यात गेल्या. नाना पॅरिसपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलले.

२९ तारखेला पहाटे मुंबईत उतरलो. दोघांचा सगळा खर्च, पासपोर्टपासून नाशिकच्या टॅक्सीपर्यंत, सव्वातीन लाखांच्या किंचित आत. त्यात विमान सव्वा लाखाच्या जवळ आणि राहणं ब्याऐंशी हजार. गावांसाठी टॅक्सी न करता बसच धरली असती तर दहा-बारा हजार वाचले असते, पण नानांचे पाय बघता मी ते धरत नाही.

११ ऑक्टोबरला छाटणी लागली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा टोळीतल्या बायका काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावत होत्या, हातात मोजे, कापडाचा बोळा. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपल्याकडे हे करावंच लागतं. नाना बांधावर बसून त्यांना सांगत होते, "तिकडं हे काही नाही. तिकडं थंडीच करती." एकीने विचारलं, "मग बाया काय करत्यात तिकडं?" नानांना उत्तर सुचेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.